पाण्याला तीन कामं

"सिस्टर, फ्रीज उघडो रवलो गो!"

ही हाक अंगणातून यायची. हाक मारणारे माझ्या खोलीत डोकावलेले नसायचे. ते असायचे पडवीच्या कोपऱ्यात, विजेच्या मीटरसमोर, दोन्ही हात पाठीशी बांधून. मीटरवरचा लाल दिवा किती भरभर लुकलुकतोय यावरून घरात काय चालू आहे, ते त्यांना कळायचं. पंखा असला तर एक चाल, इस्त्री असली तर दुसरी, फ्रीज बंदच होत नसेल तर तिसरी. एकदा मीही जाऊन त्या दिव्यासमोर उभी राहिले. मला सगळं लुकलुकणं सारखंच दिसलं. पण घरात येऊन बघितलं तर फ्रीजचं दार खरंच बोटभर उघडं होतं.

मी तेव्हा देवबागला उपकेंद्रावर नर्स होते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे माडांची, वाळूची एक लांब पट्टी, म्हणजे देवबाग. त्या पट्टीवर त्यांचं घर होतं. समोरच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची बायको, मागच्या दोन खोल्या मला भाड्याने. सगळी वाडी त्यांना चाचा म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. बायकोला चाची. चाचा उमेदीची वर्षं जहाजांवर होते, इंजिनाच्या खोलीत फिटर. परतून पंधरावर वर्षं झाली होती, पण चालणं जहाजावरचंच राहिलं होतं. पाय फाकवून, भराभर, सतत काहीतरी बिघडणार आहे आणि आपण वेळेत पोचायला हवं, असं. बसलेले मी त्यांना फारसे बघितले नाहीत. जेवतानासुद्धा दोन घासांमधे उठून न्हाणीपर्यंत जाऊन यायचे. नळ ठिबकतोय असं वाटायचं म्हणे.

माझी गोष्टही इथे सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझं गाव माणदेशातलं. टँकरमागे हंडा घेऊन पळण्यात माझं लहानपण गेलं. आंघोळ तांब्यावर, धुणं आठवड्यातून एकदा. बदलीच्या कागदावर सिंधुदुर्ग वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं ते पाणी. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणारा मुलूख! तिथे गेल्यावर मी रोज दोन बादल्या आंघोळ करणार होते. ठरवलंच होतं.

पहिल्या दिवशी चाचांनी मला एक बादली आणून दिली. तिच्या आत, अर्ध्याच्या जरा वर, लाल ऑइलपेंटने रेघ मारलेली.

"हंयसर पावत," ते म्हणाले.

"आणि केस धुवायचे असले तर?"

त्यांनी विचार केला. "आयतवारी रेगेच्या वर चार बोटां."

मला रडायला आलं. मी भांडलेसुद्धा. एवढा पाऊस पडतो, दोन्हीकडे पाणी, घरामागे विहीर काठोकाठ, आणि तुम्ही मला रेघ दाखवता? चाचा मला घेऊन विहिरीपाशी गेले. मालवणीत तिला बाव म्हणतात. जांभ्या दगडाची, रुंद, उथळ. पाणी हाताला लागेल इतकं वर.

"ह्या दिसता ता पाणी खरा नाय," ते म्हणाले. "खाली सगळो समुद्र आसा. पावसाचा पाणी रेवेत मुरता आणि त्या खाऱ्या पाण्यार तरंगत रवता. दुदावरची साय कशी? साय बोटान काडूची. घुसळलंस की गेली."

मी मान हलवली, पण मला ते तेव्हा पटलं नव्हतं. मला वाटलं, चिक्कू माणसाला कारण हवं असतं.

चिक्कू मात्र ते नव्हते. हे मला सावकाश कळलं. सुरमई आणली की अर्धी माझ्या घरात. चाचींच्या सांधेदुखीची गोळी मी दिली तर बदल्यात शहाळ्यांचा घड. फक्त पाणी आणि वीज या दोन गोष्टींत ते दुसरेच कोणी होऊन जायचे. "पाण्याक तीन कामां केल्याबिगर सोडूचा नाय," असा त्यांचा नियम होता आणि तो घरातल्या प्रत्येक थेंबाला लागू होता. तांदूळ धुतलेल्या पाण्यात भाजीची भांडी विसळायची, ते मग कढीपत्त्याला. कपडे खळबळलेल्या पाण्याने फरशी पुसायची, ते मग माडाच्या आळ्यात. मासे धुतलेलं पाणी मिरच्यांना. मला वाटतं, त्या मिरच्या तशा तिखट कशाने होत, ते कोणीतरी शोधायला हवं.

भात ते स्वतः शिजवायचे. म्हणजे अर्धाच शिजवायचे. एक उकळी आली की पातेलं चुलीवरून उतरवून भाताच्या तुसाने भरलेल्या लाकडी खोक्यात ठेवायचे, वर जहाजावरचं जुनं ब्लँकेट. तासाभराने भात तयार, मोकळा, गरम. गॅस सिलिंडर त्यांच्याकडे चार-चार महिने जायचा. छपरावर उन्हाळ्यात माडाच्या झावळ्यांचे झाप अंथरायचे, म्हणून दुपारी पंखा लागत नसे. लागला तरी ते बंद करत.

"माझ्या निकाहाक सुद्धा ह्येणां एक पेट्रोमॅक्स इजवल्यान," चाची सांगायच्या. "म्हणालो, चांदणां आसा, दोन कित्याक?"

शुक्रवारी मशिदीत नमाजाआधी हातपाय धुवायला नळांची रांग होती. चाचा आपलं एका तांब्यात उरकायचे आणि मग रांगेतून फिरत, शेजारच्याने हात चोळायला घेतले की त्याचा नळ बंद करायचे. तो परत सोडायचा, हे परत बंद. तरुण पोरं त्यांना टाळून टोकाचा नळ धरायची. शेवटी कमिटीनेच त्यांना विनंती केली की चाचा, तुम्ही जरा उशिरा या. ते आणखी लवकर जायला लागले आणि मागचा कॉक अर्धा फिरवून ठेवायला लागले.

अशा माणसाबरोबर राहणं सोपं नव्हतं. मी न्हाणीत गेले की घराच्या पुढच्या बाजूला त्यांच्या चपलांचा आवाज सुरू व्हायचा. इकडून तिकडे, तिकडून इकडे. लाजेखातर ते मागे कधी येत नसत, पण तो आवाज थांबायचा तो माझी बादली रिकामी वाजली की. मला शांतपणे एक आंघोळ करायची होती. दोन वर्षं मला ती मिळाली नाही.

बावीवर अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर होती. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. तिचा स्विच एका पत्र्याच्या पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली चाचांच्या सदऱ्याच्या खिशात. ती दहा मिनिटं ते पेटीजवळ उभे. रोज पहाटे पहिला पोहरा काढून पाणी तोंडात घोळवायचे, गिळायचे आणि जाहीर करायचे, "आज बरा आसा." मार्चनंतर "बरा" जाऊन "चलात" यायचं. मे महिन्यात ते नुसतंच मान हलवायचे.

त्या मे महिन्यात त्यांच्या बहिणीच्या घरी, फोंडाघाटला लग्न होतं. तीन दिवसांसाठी चाचा-चाची दोघं निघाले. जाण्याआधी चाचा माझ्या दारात आले, घुटमळले, परत गेले, पुन्हा आले. शेवटी खिशातून किल्ली काढून माझ्या तळव्यावर ठेवली आणि माझी मूठ मिटली.

"धा मिन्टां," ते म्हणाले. "आणि उभी रव थंयच."

माझी आई त्याच आठवड्यात आली होती. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघायला. समुद्र तिने पाच मिनिटं बघितला आणि विचारलं, "एवढं पाणी, आन् पिता येत न्हाई?" मग घरी आली आणि आंघोळीला गेली. दोन तांबे घेऊन बाहेर. मी म्हटलं, आई, बादली होती की. ती म्हणाली, "झाली की माझी."

ते मला सहन झालं नाही. का कोण जाणे, त्या दोन तांब्यांनी मला एकदम राग आला. तिचा नाही, चाचांचा. सगळ्यांचाच. किल्ली माझ्याकडे होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटर लावली आणि ठरवलं की आज टाकी भरायची, आईला डोक्यावरून पाणी सोडून न्हाऊ घालायचं, साबण लावून, पाठ चोळून. पाच मिनिटं झाली असतील आणि वीज गेली. तेवढ्यात खाडीकडच्या वाडीतून फोन आला, बाळंतीण अडली होती. मी पेटीला कुलूप लावलं, सवयीने. किल्ली पर्समध्ये टाकली आणि निघाले. स्विच बंद करायचा राहिला.

बाळंतपण सुखरूप झालं. मुलगी झाली. मी दुपारी अडीचला परतले तेव्हा लांबूनच मोटरचा आवाज ऐकू आला आणि मी पळत सुटले.

अंगणात आई होती. टाकीच्या वाहत्या नळीखाली हंडा धरून उभी, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. तिच्याभोवती घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवलेलं होतं. बादल्या, कळश्या, पातेली, परात, कुकर, चाचींच्या चहाच्या कपांसकट. सगळं भरलं होतं आणि तरी पाणी वाहतच होतं, वाळूत जात होतं. वीज नऊ वाजताच आली होती. पेटी उघडेना, मोटर कशी थांबवायची ते तिला ठाऊक नव्हतं, शेजारी हाक मारायला गेली तर सगळे पर्यटकांना घेऊन होडीवर. पाच-साडेपाच तास ती एकटी त्या पाण्याशी झुंजत होती.

"मला थांबवता आलं न्हाई गं," ती म्हणाली आणि रडायला लागली. दुष्काळात मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं.

मी मोटर बंद केली. संध्याकाळी पोहरा काढून चाखला. खारट. नुसतं मचूळ नव्हे, खारट.

चाचा परतले ते बॅग हातात असतानाच सरळ बावीवर गेले. पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. मी खिडकीतून बघत होते. आता मला विचारतील, मी सांगेन, असं मी मनाशी म्हणत होते. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्यांनी बघितलं शेजारच्या घराकडे.

शेजारी राहायचे ते तांडेल. त्यांची मोठी मासेमारीची होडी होती, म्हणून तांडेल. दोघं एका वयाचे, एका होडीत वाढलेले. दोन वर्षांपूर्वी तांडेलांनी घरामागे पाहुण्यांसाठी सहा खोल्या बांधल्या होत्या, प्रत्येकीत शॉवर, आणि त्या हंगामात नवा मोठा पंप बसवला होता. चाचांनी तेव्हाच सांगितलं होतं की ह्या पंपाने वाडी खारी होणार.

चाचा कुंपणापाशी गेले आणि ओरडले. "मेल्या, पैशापायी माझी बाव मारलंस!"

अंगणात पुण्याचे पाहुणे नाश्ता करत होते. तांडेल बाहेर आले. "काय झाला रे?"

"खारी झाली! तुझ्या पंपान! तुका सांगलेलंय मी. लाज नाय तुका?" आणि आणखी बरंच काही. चाळीस वर्षांपूर्वीचं कुठलं जाळं, कुठला हिस्सा, सगळं बाहेर आलं. पाहुण्यांनी प्लेटी घेऊन आत जायला सुरुवात केली. तांडेल एवढंच म्हणाले, "मी आठ दिस नवो पंप लावलेलोच नाय. मोटर जळली हा, जुन्या बारक्या पंपार भागवतंय." चाचांनी ते ऐकून घेतलं नाही.

मी खिडकी लावून घेतली.

तीन दिवस मी बोलले नाही. रोज उपकेंद्रात जायचे, लशी द्यायचे, वजनं घ्यायचे आणि मनात वाक्य जुळवायचे. घरी आले की ते वाक्य विरून जायचं. चाचा दिवसभर बावीभोवती फिरायचे. कुंपणावर त्यांनी झाप बांधून तांडेलांचं घर दिसेनासं केलं. चौथ्या दिवशी सकाळी आईने माझ्यापुढे चहा ठेवला आणि उभीच राहिली.

"तू सांगतीस का म्या सांगू?"

मी उठले. चाचा पडवीत होते, चाची भाजी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. वीज गेली, फोन आला, किल्ली पर्समध्ये, अडीच वाजले. आईला न्हाऊ घालायचं होतं, हेही सांगितलं. खोली सोडते म्हणाले.

चाचीच चाचांना म्हणाल्या, भाजीवरून नजर न उचलता.

"आणि चार दिस तू पितंस ता पाणी कोणाचा, विचार तिका नको, माका विचार."

चाचांनी मान वळवली.

"तांडेलाची सून रोज फाटफटी, उजाडच्या आदी, दोन कळशे मागच्या दारान आणून ठेवता. तेंची बाव खाडयेकडची, गोडी आसा अजून. तू शिव्या घातलंस त्याच सांजेक पयलो कळसो इलो. सासऱ्यान सांगल्यान म्हणाली."

चाचा उठले. चपला न घालता, गरम वाळूतून, कुंपणाला वळसा घालून तांडेलांच्या अंगणात गेले. मी मागोमाग गेले, कारण चूक माझी होती. पाहुणे आंबोळ्या खात होते. तेच पुण्याचे. चाचांना बघून एकाने प्लेट उचललीच.

"बसा, बसा," चाचा त्यांना म्हणाले आणि मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, तांडेलांना म्हणाले, "चूक माझी. तुझ्या पंपान काय एक झाला नाय. माझ्याच मोटरीन झाला. मी तुका सगळ्यांसमोर बोललंय, म्हणान सगळ्यांसमोर सांगतंय. माफ कर."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी पुढे होऊन सांगायला लागले तर हाताने मला मागे सारलं.

तांडेलांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं. ते काही बोलणार एवढ्यात चाचांचं लक्ष उडालं. मान एका बाजूला कलली. मग ते तरातरा मागच्या खोल्यांकडे गेले. तिसऱ्या खोलीचं दार उघडं होतं, आत कोणी नव्हतं आणि शॉवर चालू राहिला होता. आत जाऊन त्यांनी तो बंद केला आणि बाहेर आले, बाही भिजलेली.

"माफी मागूक इलंस, काय नळ बंद करूक?" तांडेलांनी विचारलं.

"दोनय," चाचा म्हणाले.

तांडेल हसले नाहीत लगेच. आधी त्यांचे डोळे भरले, मग हसले. पुण्याचे पाहुणे कशाला हसावं ते न कळून हसले.

परत येताना मी चाचांना म्हटलं, मला ओरडा तरी. ते बावीच्या कठड्यावर बसले. तिथे त्यांनी मला जे सांगितलं ते चाचींनाही ठाऊक नव्हतं. एकदा आखातात त्यांच्या जहाजाचं खाऱ्या पाण्याचं गोडं करायचं यंत्र बंद पडलं. सुटा भाग मिळेना. दुरुस्ती चाचांकडे. नऊ दिवस माणशी दिवसाला एक मग पाणी. सातव्या दिवशी एक खलाशी पिंपातल्या पाण्याने तोंड धुताना सापडला. भांडारातला, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातला पोरसवदा माणूस, डोळ्यात तेल उडालं होतं म्हणाला. सगळ्यांनी त्याला मारलं.

"मी पण मारलंय," चाचा म्हणाले. "लोखंडी पान्यान, नट फिरवतत त्या. ह्या हातान. नवव्या दिसाक यंत्र सुरू केलंय. पाणी इला. तेल खराच उडालेला. तो एका डोळ्यान आंधळो झालो." त्यांनी तो हात उलटा करून बघितला. "पाण्यासाठी माणसाक परत मारूचा नाय म्हणान ठरवलंय. आणि त्या दिशी तांडेलाक काय कमी मारलंय मी?"

मग उठले आणि किल्ली मागितली. मी दिली. ती मला पुन्हा कधी मिळाली नाही, हेही सांगायला हवं. आम्ही जून संपेपर्यंत तांडेलांचं पाणी प्यायलो. बाव गोडी व्हायला जुलै उजाडला. तांडेलांनी तीन खोल्यांतले शॉवर काढले आणि बादल्या ठेवल्या. उरलेल्या तीन खोल्यांवरून त्या दोघांची भांडणं मी असेपर्यंत चालू होती.

आई त्या मुक्कामात पुन्हा न्हायली, दोन तांब्यांतच. जाताना ती आणि चाचा पडवीत पाणी या विषयावर तासभर बोलत बसले होते. एकाची मालवणी, दुसरीची माणदेशी. दोघांनाही सगळं कळत होतं.

पुढे माझी बदली जवळच्या कट्टा गावी झाली. चाची वारल्या आणि चाचा एकटे पडले, तेव्हा मुंबईत राहणारा मुलगा त्यांना तिकडे घेऊन गेला, असं तांडेलांच्या सुनेकडून कळलं. अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट, चोवीस तास पाणी. मला ते ऐकून बरं वाटलं नाही आणि वाईट का वाटतंय, तेही कळेना.

गेल्या वर्षी मार्चमधे, सकाळी, कट्ट्याच्या स्टॉपवर मला चाचा दिसले. हातात एक पिशवी, स्टॉपच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत फेऱ्या चालू. वाळले होते. मला बघून थांबले.

"मुंबईहून कधी आलात?"

"आताच. थंय धा दिस रवलंय."

मग तिथेच त्यांनी सांगितलं. बिल्डिंगची गच्चीवरची टाकी रोज सकाळी भरून वाहायची. पाणी पाइपातून अकरा मजले खाली गटारात. त्यांना पलंगावर आवाज यायचा. मुलगा म्हणायचा, अब्बा, सगळ्यांकडेच असं असतं. आठव्या दिवशी ते जिने चढून गच्चीवर गेले आणि व्हॉल्व्ह बंद करून आले. घट्ट, फिटरच्या हाताने. कोणाला उघडता येईना. चौऱ्याऐंशी घरांत पाणी नाही. सोसायटीची मीटिंग बसली. मुलाला सगळ्यांपुढे मान खाली घालावी लागली.

"मुलगा रागावला?" मी विचारलं.

"नाय गो. रडलो. म्हणालो, अब्बा, तुमका हंय बरा नाय वाटणा तर सांगा."

"मग? आता परत नाही जाणार?"

देवबागची गाडी वळणावर दिसली. चाचांनी पिशवी उचलली, पाय फाकवून घाईने दोन पावलं टाकली आणि मागे वळून म्हणाले,

"थंय माझो काय उपेग नाय. थंयचा पाणी संपणाच नाय."

गाडी थांबायच्या आधीच ते दारापाशी पोचले होते.